विषाविरुद्ध कोण गायले?

1986 साली बार्देशातील शिवोलीचे गायक-गीतकार रेमो फर्नांडिस ह्यांचा ‘पॅक दॅट स्मॅक’ हा गीतसंच बाहेर पडला. भाषा इंग्रजी, धाटणी रॉक संगीताची, आणि शीर्षकगीताचा विषय एकच : हेरॉइन. ‘स्मॅक’ हे त्या विषाचे बाजारी नाव होय. आपल्या देशात त्याचा जो अशुद्ध, तपकिरी प्रकार विकला जातो त्याला ‘ब्राउन शुगर’ म्हणतात. ते तुमचे गाठोडे बांधा आणि चालते व्हा, असा त्या शीर्षकाचा रोकडा मराठी अर्थ होईल. ह्या गोष्टीला आता चाळीस वर्षे होत आली. एवढ्या अवधीत पेडणे-डिचोलीकडील आमच्या देवस्थानी समाजात ह्या गीतसंचाची जी काही समीक्षा झाली, ती तीन शब्दांत आटोपते : ‘ते आमचे नव्हे.’

प्रस्तुत लेख त्या तीन शब्दांविरुद्ध आहे.

वाचकांनी प्रारंभीच एक गोष्ट ध्यानी घ्यावी. विजेच्या गिटारीचा आम्हाला छंद जडला आहे आणि म्हणून आम्ही हे वकीलपत्र घेतले आहे, असा प्रकार नाही. आमचे कान पखवाज, झांज आणि पेटी ह्यांवरच घडलेले आहेत, आणि रॉक संगीत ज्यांना कर्कश वाटते त्यांच्याशी त्या बाबतीत आमचा वाद नाही. रुची हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. वाद कर्तव्याचा आहे. गावाच्या वेशीपाशी विष येऊन ठेपले असता तोंड कोणी उघडले, आणि ज्यांनी उघडले नाही त्यांना, ज्याने उघडले त्याला परका ठरविण्याचा अधिकार कोठून प्राप्त झाला, एवढाच हा प्रश्न आहे.

प्रथम गृहस्थाची ओळख. रेमो फर्नांडिस ह्यांचा जन्म 1953 सालचा, शिवोलीचा. मुंबईच्या सर जे. जे. संस्थेत त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, काही काळ युरोप व उत्तर आफ्रिकेत प्रवास केला, आणि पुढे ते आपल्या गावी परतले. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्यांची गीते नाकारली, तेव्हा त्यांनी घरीच चार पट्ट्यांचे एक छोटे ध्वनिमुद्रण यंत्र मांडले. 1984 च्या ‘गोअन क्रेझी’ ह्या पहिल्या संचात शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, सर्व वाद्ये त्यांनीच वाजविलेली, सर्व आवाज त्यांचेच, वेष्टनावरचे चित्रही त्यांच्याच हातचे. माल तयार झाल्यावर स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचविला तोही त्यांनीच. तबकडीचे युग मावळत होते, कॅसेटचे उगवले होते, आणि त्या सांध्यावर शिवोलीच्या एका घरात एकट्या माणसाने संपूर्ण कारखाना चालविला. पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आणि त्यानंतरच्या वर्षी आमच्या वादाचा विषय असलेला संच.

कायद्याच्या दृष्टीने ह्यात एक अर्थ आहे. 1957 च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यात शब्दांचा कर्ता वेगळा, चालीचा कर्ता वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता वेगळा. गायक-वादकाच्या स्वतंत्र हक्काला तर 1994 च्या दुरुस्तीने मान्यता मिळाली. सामान्यतः हे चार हक्क चार घरी राहतात, आणि हक्कांबरोबर जबाबदारीही चार घरी वाटली जाते. शब्द बोचले की गायक म्हणतो, लिहिणाऱ्याला विचारा. लिहिणारा म्हणतो, कंपनीला विचारा. घरी बसून सर्व काही स्वतः करणाऱ्याला ही पळवाट उरत नाही. अमली द्रव्यांच्या व्यापाऱ्यांविरुद्ध, त्यांच्याच बाजारपेठेच्या किनारपट्टीत राहून, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या आवाजात जो बोलला, त्याच्यापुढे दुसरा कोणी ढाल धरून उभा नव्हता. धैर्याचे मोजमाप करताना ही बाब विसरता येत नाही.

आता काळाकडे पाहू. त्या दशकात ब्राउन शुगर मुंबईपासून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पसरली. तोवर ह्या देशात अफूचे 1857 आणि 1878 चे कायदे व घातक औषधांसंबंधीचा 1930 चा कायदा एवढीच सामग्री होती. त्यांच्या जागी 1985 चा अधिनियम क्रमांक 61, म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ ह्यांसंबंधीचा कायदा आला आणि 14 नोव्हेंबर 1985 पासून अमलात आला. हेरॉइनच्या व्यापाराला किमान 10 वर्षे, कमाल 20 वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड, अशी त्याची मूळ तरतूद. कायदा कठोर होता. 2001 च्या दुरुस्तीने परिमाणानुसार पायऱ्या पाडल्या गेल्या : हेरॉइनच्या बाबतीत 5 ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, 250 ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण. शिक्षा जबर म्हणून झडतीचे नियमही काटेकोर. कलम 50 अन्वये ज्याच्या अंगाची झडती घ्यावयाची त्याला, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी ह्यांच्यासमोर झडती मागण्याचा तुझा हक्क आहे, हे सांगावे लागते. 1999 साली बलदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे सांगणे पोलिसांचे कर्तव्य ठरविले. ते न पाळल्यास आरोपी सुटू शकतो, आणि वकील ह्या नात्याने आम्ही म्हणू की ते योग्यच आहे.

परंतु ह्या सर्व तरतुदींचा सार काय? पुडी सापडल्यावर कायदा जागा होतो. तोवर पोरगा बिघडलेला असतो, आईच्या कानांतली कुडी सोनाराकडे गेलेली असते, बाप शेजाऱ्यांची नजर चुकवून चालत असतो. पहिल्या पुडीला हात घालण्यापूर्वी पोराच्या मनात ‘नको’ हा शब्द कोणी पेरावयाचा? ते काम विधिमंडळाचे नव्हे आणि पोलीस ठाण्याचेही नव्हे. ते समाजाचे, घराचे, देवळाचे आणि रंगभूमीचे काम आहे. कायदा नोव्हेंबर 1985 चा, गीत 1986 चे. राज्याने आपल्या वाट्याचे काम कागदावर पुरे केले त्याच्या पाठोपाठ एका गायकाने आपल्या वाट्याचे केले. मधली जागा जिची, त्या देवस्थानी संस्कृतीने काय केले?

हा प्रश्न आम्ही तोंडाळपणाने विचारीत नाही, कारण ह्याच संस्कृतीने एके काळी हे काम थाटाने केले आहे. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सिंधूच्या भूमिकेतील बालगंधर्वांचा आवाज तबकड्यांवरून घरोघरी गेला. गोमंतकात तर मराठी नाटक म्हणजे देवळाचा उत्सव आणि देवळाचा उत्सव म्हणजे मराठी नाटक, असे समीकरणच होते. हौशी मंडळींनी सभामंडपासमोर पडदे बांधून सुधाकराची धूळधाण दाखविली आणि गावच्या बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या वेळी कोणा महाजनाने असे म्हटले नाही की, देवाच्या दारी दारूचे नाव नको. विष दाखविल्याखेरीज विषाची घृणा उपजत नाही, हे त्या पिढीला ठाऊक होते. मग दारूच्या जागी तपकिरी भुकटी आली तेव्हा हेच सभामंडप मुके का झाले? ज्या देवस्थानाच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकेत 1986 च्या आगेमागे ह्या विषयावर एखादे नाटक, कीर्तन वा पद नमूद असेल, त्याने ते जाहीररीत्या पुढे करावे. पुराव्याचा भार त्यांच्यावर आहे, आणि असा पुरावा निघाला तर त्याचे स्वागत करणाऱ्यांत आम्ही पहिले असू.

मौनाचे एक कारण उघड आहे. आमचे तोंड त्या वर्षी दुसऱ्या कामात गुंतले होते. 1986 हे साल गोव्यात राजभाषेच्या आंदोलनाचे साल. मराठी की कोंकणी ह्या प्रश्नावर डिसेंबरात रस्ते अडले, रक्त सांडले, माणसे प्राणांना मुकली. 4 फेब्रुवारी 1987 रोजी राजभाषा विधेयक संमत झाले आणि 30 मे 1987 रोजी घटक राज्य आले. भाषेचा प्रश्न क्षुल्लक होता असे ह्या द्वैभाषिक मासिकाच्या पानांवरून कोणी म्हणणार नाही. आम्ही म्हणतो ते इतकेच : मराठीवाद्यांना आणि कोंकणीवाद्यांना परस्परांविरुद्ध घोषणा रचण्यासाठी शब्द सापडले, दोहोंच्या मुलांना ग्रासणाऱ्या विषाविरुद्ध रचावयाला सापडले नाहीत. ते तिसऱ्याच भाषेत रचले गेले. ह्याची लाज वाटावयाची तर ती दोन्ही भाषांच्या अभिमान्यांना वाटली पाहिजे. गायकावर रागावून ती फिटणार नाही.

आता पूर्वपक्षाचे आक्षेप एकेक घेऊ.

पहिला आक्षेप भाषेचा. इंग्रजीत गायिलेले गीत आमचे कसे? उत्तर सोपे आहे. ज्याला औषध द्यावयाचे त्याला कळेल त्या भाषेत त्याचे नाव सांगावे लागते. त्या वेळी पुडीचा व्यवहार ज्या वाळूवर चालत होता, तेथील बोली इंग्रजी होती. विकणारा इंग्रजीत विके, घेणारा इंग्रजीत घेई. तेथे जाऊन ओवीत उपदेश करणारा स्वतःचे समाधान करून परतला असता. आणि भाषेवरून गीत टाकाऊ ठरविण्याची रीत आमची नव्हे, हेही सांगून ठेवतो. ती रीत दुसऱ्या कोणाची होती. गोव्याच्या इन्क्विझिशनने 1736 च्या फर्मानाने नवख्रिस्ती घरांतील लग्नाच्या ओव्यांवर बंदी घातली. शब्दांत पाप होते असे नव्हे. त्या ओव्या ‘त्यांच्या’ म्हणजे आमच्या होत्या, एवढाच गुन्हा. उगमावरून गीताला शासन करण्याचा जो न्याय आमच्या पूर्वजांना जाचला, तोच आज आम्ही दुसऱ्याला लावावा काय?

दुसरा आक्षेप संगीताचा. रॉक संगीतानेच व्यसन आणले. मग त्याच संगीताने व्यसनाविरुद्ध बोलणे म्हणजे चोराने कीर्तन करणे होय, असे म्हणतात. ह्यातील अर्धे सत्य आम्ही नाकारीत नाही. त्या संगीताच्या अनेक पुढाऱ्यांनी नशेचे गोडवे गायिले, आणि 1970 च्या एकाच शरद ऋतूत जिमी हेंड्रिक्स व जॅनिस जॉप्लिन हे दोन अग्रगण्य गायक ऐन 27 व्या वर्षी नशेच्या द्रव्यांपायी मेले. तथापि त्याच घरातून प्रतिकारही उठला. नील यंग ह्या कॅनडात जन्मलेल्या गायक-गीतकाराच्या 1972 च्या ‘हार्वेस्ट’ ह्या तबकडीवर, सुईने पोखरलेल्या सहकाऱ्यांविषयी एक लहानसे, शोकाकुल गीत आहे. त्यांचे व्यसनग्रस्त सहवादक डॅनी व्हिटन त्याच वर्षाच्या अखेरीस मरण पावले. घरातल्याने घरच्या रोगाचे नाव घेतले म्हणजे ऐकणाऱ्याला ते टाळता येत नाही. बाहेरच्या उपदेशकाला तरुण हसतो. ज्या ठेक्यावर तो नाचतो त्याच ठेक्यावर त्याला कोणी खडसावले, तर हसू ओठांवर थिजते. ‘पॅक दॅट स्मॅक’चे बळ नेमके येथे आहे. त्याची धाटणी किनाऱ्यावरच्या मेळाव्याची आहे आणि त्याचा मजकूर त्या मेळाव्याच्या काळजात सुरी घालणारा आहे. एकनाथांनी भारुडात हेच केले. वेश बाजारातला, बोली बाजारातली, आणि आत शुद्ध बोध.

तिसरा आक्षेप कोणी उघड उच्चारीत नाही, पण खरा तोच आहे. गाणारा ख्रिस्ती आहे, जुन्या काबिजादीतला आहे, त्याचा देव वेगळा आहे. येथे आम्ही वाचकांस नकाशा उघडावयास सांगतो. शिवोली आणि पेडण्यातील चोपडे ह्यांच्यामध्ये केवळ शापोरा नदी आहे. पूल होण्यापूर्वी फेरीबोटीतून काही मिनिटांत पैलतीर गाठता येई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांच्या हाती गेली, तेव्हा ह्या नदीच्या एका बाजूस जुनी काबिजाद व दुसऱ्या बाजूस नवी, अशी रेषा पडली. ती रेषा राज्यकर्त्यांच्या दप्तरातली. विषाने ती कधी मानली नाही. हणजुण्याहून निघालेली पुडी हरमलला, मांद्र्याला, मोरजीला पोचताना तिने कोणाचा धर्म विचारला नाही.

आणि शिवोलीच म्हणाल तर तेथे नाताळानंतरच्या सोमवारी गुड्डे वाड्यावर जागोर होतो, तो हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. मांडावर दोन्ही बाजूंच्या देवांना नमन होते आणि सोंगे रात्र जागवितात. ‘जागोर’ म्हणजे जागरण. गाव झोपलेले असताना कोणी तरी जागे राहावयाचे आणि हसवीत हसवीत गावाची खोडी गावाच्या पदरात घालावयाची, हा त्याचा धर्म. पेडण्याकडच्या दशावताराचा धर्मही ह्याहून निराळा नाही. रंगमंचावर संकासुर येतो आणि पुराणाच्या कथेत आजच्या गावपुढाऱ्याला चिमटा काढून जातो. ते शब्द कोणा संहितेत लिहिलेले नसतात. नट ते उभ्याउभ्या रचतो आणि त्यांची जबाबदारीही स्वतः घेतो. स्वतः रचून स्वतः गाणारा हा जो ‘गायक-गीतकार’ म्हणून पश्चिमेकडून आल्याचे समजले जाते, तो आमच्या मांडावर फार दिवसांचा उभा आहे. आम्ही त्याला गिटार हाती घेतलेला पाहिला आणि ओळख विसरलो.

सोहिरोबानाथ आंबिये ह्यांचे नाव पेडण्यात निराळे सांगावयास नको. बांद्याच्या ह्या संतकवीच्या नावाने पेडणे तालुक्यात विर्नोड्याला शासकीय महाविद्यालय उभे आहे. महादजी शिंद्यांच्या ऐश्वर्यापुढे न लवता ह्या निःस्पृह योग्याने त्यांना पदातून खडे बोल ऐकविल्याची कथा आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो. आता 1986 ची एक घटना पाहा. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता स्वागतसमारंभात गाण्यासाठी रेमो फर्नांडिस ह्यांना बोलाविण्यात आले. त्यांनी त्या प्रसंगासाठी नवे गीत रचले आणि स्तुतीच्या जागी गोव्याच्या तक्रारी पंतप्रधानांच्या तोंडावर गाऊन दाखविल्या. स्थानिक पुढाऱ्यांत व वृत्तपत्रांत गहजब झाला. ज्यांना उद्देशून ते गीत होते त्यांनी मात्र आवडल्याचे कळविले. सोहिरोबा योगी होते, रेमो नाहीत. दोघांची तुलना आम्ही करीत नाही. पण सत्तेपुढे पद गाऊन खरे सांगण्याची जी रीत आम्ही संताच्या ठायी वंद्य मानतो, ती शेजाऱ्याच्या ठायी दिसताच उद्धटपणा म्हणून हिणवावी, ह्याला न्याय म्हणत नाहीत.

‘आमचे’ आणि ‘परके’ ठरविण्यात हा समाज किती वेळा चुकला ह्याचाही हिशेब आहे. देवळाच्या आश्रयाने ज्या घराण्यांनी गाणे जतन केले त्या कलावंत स्त्रियांना आम्ही गाणे ऐकण्यापुरते जवळ केले आणि पंक्तीपासून दूर ठेवले. 1977 साली ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात निघाली, तेव्हा त्यांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तांब्याची तबकडी गेली, तिच्यावर फोंड्याकडील केरीच्या केसरबाई केरकर ह्यांची भैरवी आहे. आज प्रत्येक भाषणात आम्ही ती भैरवी आमची म्हणून मिरवितो. जगाने मान डोलविल्यावर आपले म्हणावयाचे आणि तोवर उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे, हा आमचा जुना दोष आहे. 2007 साली भारत सरकारने रेमो फर्नांडिस ह्यांना पद्मश्री दिली. तरीही त्यांच्या ज्या गीताची आमच्या तालुक्यांना सर्वांत अधिक गरज होती, त्याला आमच्या कोणत्या मांडावर जागा मिळाली?

गरज होती असे म्हटले. गरज आहे असे म्हणावयास हवे. 2022 च्या डिसेंबरात मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पेडणे हे कोपऱ्यातले तालुके राहिले नाही. 2024 च्या डिसेंबरात धारगळला ‘सनबर्न’ हा विद्युत्-संगीताचा महोत्सव भरला. त्याला गावात विरोध झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. विरोध करणाऱ्यांच्या चिंतेशी आम्ही सहमत आहोत. त्यांच्या एका युक्तिवादाशी नाही. ‘हे सगळे पाश्चात्य संगीत एकच’ असे म्हणून त्यांनी विकत घेतलेला गोंगाट आणि विचाराने रचलेले गीत ह्यांना एका दावणीस बांधले. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात ध्वनिवर्धकाला मनाई करतात. ते महोत्सवाला लागू आहेत तसेच आमच्या उत्सवालाही लागू आहेत. संगीताचा देश पाहून कायदा लागत नाही. समाजानेही संगीताची पारख त्याच्या देशावरून करू नये. ते माणसाला जागवते की झोपवते, हीच त्याची खरी कसोटी.

आणि जागविण्याचे सामर्थ्य आमच्यापाशी नाही असे कोण म्हणेल? डिचोली तालुक्यातील शिरगावची श्रीलईराई घ्या. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेसाठी हजारो धोंड आधी दिवसेंदिवस व्रतस्थ राहतात. स्नान, सोवळे, सात्त्विक आहार आणि सर्व व्यसनांचा त्याग. मग हाती बेत आणि मुखी देवीचे नाव घेऊन रात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. त्यांत विशी-बाविशीची मुले किती असतात हे ज्याने पाहिले आहे, तो ‘आजची पिढी हाताबाहेर गेली’ असे म्हणणार नाही. पाच दिवस ज्या पोराला ‘नको’ म्हणता येते त्याला पाचशे दिवस का म्हणता येऊ नये? पण त्या ‘नको’ला सहाव्या दिवशी सोबत करील असे गीत आम्ही त्याच्या हाती दिलेले नाही. जत्रेहून परतताना त्याच्या कानांत जे वाजते ते आमचे नसते, आणि ते आमचे नाही अशी तक्रार मात्र आम्ही करतो.

म्हणून देवस्थानांच्या महाजनांपुढे आमच्या तीन मागण्या आहेत. त्यांसाठी नवा कायदा नको आणि सरकारी अनुदानही नको.

पहिली मागणी : उत्सवाच्या अंदाजपत्रकात नव्या गीतासाठी एक ओळ घालावी. पोर्तुगीज अमदानीतील 1933 च्या नियमनाखाली आमची देवस्थाने आजही चालतात. वाद्यवृंद आणि नाटके ह्यांवर खर्च होतो, त्याला कोणी हरकत घेत नाही. त्यातच मराठीत किंवा कोंकणीत, पखवाजावर किंवा गिटारीवर, ह्या विषाविरुद्ध रचलेल्या पदांना मानधन द्यावे, आणि भजनी सप्ताहाच्या एखाद्या पारात ती म्हणवून घ्यावी. रचणाऱ्याची जात, पंथ, तालुका विचारू नये.

दुसरी मागणी : कायद्यातील जे कलम घराघरांत ठाऊक असावयास हवे ते देवळाच्या फळ्यावर लिहावे. त्याच 1985 च्या कायद्यातील कलम 64-अ अन्वये, स्वतःच्या सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासंबंधी ज्याच्यावर आरोप आहे असा व्यसनाधीन माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते संरक्षण काढूनही घेता येते. आमच्या व्यवसायात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते : आईबाप पोराला पोलिसांच्या भीतीने लपवितात आणि लपविता लपविता गमावतात. त्यांना ह्या कलमाचे नाव कोणी सांगितलेले नसते.

तिसरी मागणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण. येत्या एखाद्या उत्सवात सायंकाळी, नाटकापूर्वी, सभामंडपात तरुणांना बसवून ‘पॅक दॅट स्मॅक’ वाजवावे, त्याचा अर्थ मराठीत आणि कोंकणीत सांगावा, आणि मग त्यांना विचारावे : हे तुमच्या भाषेत कोण करील? कर्कश वाटले तर वाटू द्यावे. निंदा करावयाची तर ऐकून झाल्यावर करावी. न्यायालयातही दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून निकाल देत नाहीत. देवाच्या दारी तरी त्याहून हलका न्याय नसावा.

ह्यावर कोणी म्हणतील की, एका गीताने व्यसन थांबले काय? नाही थांबले. ‘एकच प्याला’नेही दारू थांबली नाही, आणि 1985 च्या कायद्यानेही पुडी थांबली नाही. म्हणून गडकऱ्यांनी लिहावयास नको होते, की संसदेने कायदा करावयास नको होता? विषाच्या बाजूने रोज काही ना काही वाजत असते. त्याच्या विरुद्ध बाजूने काहीच वाजत नसेल, तर मुलांनी ते मौन संमतीचे समजावे ह्यात त्यांचा दोष काय? कायद्यात मौनाचा अर्थ प्रसंगी संमती असा होतो, आणि समाजाच्या बाबतीत तर तो बहुधा तसाच होतो.

‘ते आमचे नव्हे’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. ते गीताविषयी उच्चारले जाते, पण बोलता बोलता विषालाही लागू होते. ‘ते किनाऱ्यावरचे आहे, परदेशी लोकांचे आहे, आमच्या वाड्यावरचे नव्हे’ असे आम्ही चाळीस वर्षे म्हणत आलो, आणि तेवढ्या अवधीत ते किनाऱ्यावरून वाड्यावर आले. गीत परके म्हणून नदीपलीकडेच राहिले. विष परके असूनही फेरीबोटीत बसून अलीकडे उतरले. दोहोंपैकी कोणाला उतरू द्यावयाचे, ह्याचा निर्णय आमच्या हाती होता, आणि अजूनही तो आमच्याच हाती आहे.